साधा प्लग की इरिडियम? जुन्या मारुतीसाठी

आत्तेभावाची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० पन्हाळ्याचा चढ लागला की झटके खाते. स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे) बदलायचे हे ठरलं, पण साधे निकेलचे की इरिडियम या कठीण धातूच्या टोकाचे, इथं गडी अडलाय.

पैसा: तीन सिलिंडर, म्हणजे प्लग तीनच. तरी इरिडियमला साध्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

टिकाऊपणा: निकेलची टोकं साधारण १५-२० हजार किलोमीटरमध्ये झिजतात, टोकांमधली फट वाढते, ठिणगी चुकते. इरिडियम त्याच्या तीन-चार पट चालतो, पण इंजिन ठणठणीत असेल तर.

खरी मेख इथंच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रीनं प्लग काढून बॉनेटच्या कडेला मांडले. दोन तपकिरी, तिसरा तेलानं काळा, ओला. तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी असती तर चोक, कार्ब्युरेटर, एअर फिल्टर बघितला असता. तेल म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील झिजलेत, इंजिनाचं तेल आत येतंय. त्या सिलिंडरला सोन्याचा प्लग घातला तरी माखणारच की!

मेहनत: साधा प्लग ब्रशनं घासून, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) फट जुळवून परत लावता येतो. इरिडियमचं टोक सुईसारखं. ब्रश मारला की वाट लागली. लावताना दोन्ही आधी हातानंच फिरवायचे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर खर्च वेगळाच.

भावाला साधेच घ्यायला लावले, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायला. रोज कोल्हापूर-सांगली करणारी, तेल न खाणारी फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर खुशाल इरिडियम घ्या.