जपानी मालकीच्या कारखान्यातली माझी सहा वर्षं

बेळगावातून डिप्लोमा करून बेंगळूरची वाट धरणारी मुलं मला हमखास विचारतात, "ताई, जपानी कंपनीत जाऊ काय?" बेंगळूरजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका जपानी मालकीच्या कारखान्यात मी सहा वर्षं क्वालिटीत काढली. नाव लिहीत नाही, अनुभव लिहिते.

त्याआधी दोन वर्षं उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपात होते. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडला की तिथं पहिला प्रश्न, "कुणी केलं?" म्हणून पोरं बिघडलेला जॉब स्क्रॅपच्या डब्यात तळाशी सारायची. नव्या ठिकाणी तिसऱ्याच आठवड्यात एका शाफ्टच्या खाचेची कड माझ्या बोटाला टोचली. लाइन थांबवायची दोरी ओढली, दिवा लागला, लाइन थांबली. माझे पाय लटपटत होते. जपानी सल्लागार आले, शाफ्ट उजेडात फिरवून पाहिला आणि माझ्याकडे वळून थँक यू म्हणाले. मग आम्ही पाच जण मशीनपाशीच उभे राहून 'का' विचारत मागं गेलो. कड का राहिली? इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजला. वेळेत का बदलला नाही? किती जॉब झाले ते रात्रपाळीनं सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? वहीत त्याचा रकानाच नव्हता. दुपारपर्यंत रकाना आखून झाला. रात्रपाळीच्या पोराला कुणी एक शब्दही बोललं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या कंपनीचं ऋण मानते.

वाईट बातमी आधी सांगायची, ही तिथली पहिली शिकवण. 'होरेनसो' म्हणतात: होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे काम कुठवर आलं ते सांगणं, कळवत राहणं, अडलं की विचारणं. जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेनसोच म्हणतात, त्यामुळं विसरायला होत नाही. सकाळी पाळी सुरू होण्याआधी रेडिओ तायसो, म्हणजे जपानच्या रेडिओवर १९२८ पासून चालत आलेला व्यायाम. पहिले चार दिवस लाज वाटते, मग पाठीला बरं वाटतं.

भाषेला घाबरू नका. घरात मराठी, बाजारात कन्नड असं वाढलेल्यांना जपानी वाक्य जवळचं वाटतं. क्रियापद शेवटी, आणि आपल्या 'चा-ची-चे'च्या जागी 'नो': 'वाताशी नो त्सुकुए', माझं टेबल. लिपीला मात्र कष्ट आहेत. जपानी भाषेच्या एन-४ परीक्षेची फी कंपनीनं भरली होती.

आता खुपलं ते. तिथं कुठलाही निर्णय घ्यायला फार वेळ लागतो. कुलंटच्या, म्हणजे कापताना मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीला जाळी बसवायचा माझा कागद चार महिने शिक्क्यांसाठी फिरला. असा कागद फिरवण्याला 'रिंगी' म्हणतात, आणि त्याआधी एकेकाला भेटून संमती जुळवण्याला 'नेमावाशी'. नेमावाशीचा मूळ अर्थ, झाड हलवण्याआधी त्याच्या मुळांभोवती खणणं. खानापूरकडं आमची शेती आहे, हे मला लगेच पटलं. घाईनं उपटलेलं रोप जगत नाही. आणि खरंच, सगळ्यांची संमती झाल्यावर एका रविवारात जाळी बसली, पुन्हा कधी कुणी वाद काढला नाही.

पण सगळ्याच गोष्टींची मुळं कुणी खणत नव्हतं. आमच्या लाइनवर हुक्केरीकडचा एक कंत्राटी मुलगा होता. मशीनचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग जाणार हे तो आदल्या दिवशी सांगायचा. त्यानं सुचवलेल्या दोन सुधारणा कायझेनच्या, म्हणजे कामात छोट्या सुधारणा सुचवायच्या, फॉर्मवर सुपरवायझरच्या नावानं गेल्या, कारण कंत्राटी कामगाराचं नाव लिहायची सोयच फॉर्मवर नव्हती. बक्षीसही सुपरवायझरला. मी हे जपानी साहेबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावून वहीत टिपलं. तीन वर्षांनी त्यांची बदली जपानला झाली. नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगितलं, त्यांनीही टिपलं. रात्रपाळीच्या चुकीसाठी एका दुपारीत रकाना आखणाऱ्यांना त्या फॉर्मवर एक ओळ वाढवायला सहा वर्षं पुरली नाहीत, हे मला आजही लागतं.

उशिरा बसण्याचंही सांगते. थांबा असं कुणी म्हणत नाही, पण साहेब आठपर्यंत जागेवर असले की उठवत नाही. कामगारांना जादा तासांना दुप्पट पगार मिळायचा. आमचा हुद्दा देखरेखीचा, म्हणून आम्हाला काही नाही. गणपतीची रजा मात्र मला एकदाही नाकारली नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढून ठेवायचे.

पाचपैकी साडेतीन. शिकायला जा, पहिली तीन-चार वर्षं तर नक्की जा. मुलाखतीनंतर कारखाना दाखवायला नेतील, तेव्हा कायझेनच्या फलकापाशी थोडं थांबा. तिथली नावं वाचा आणि त्यात कंत्राटी किती, ते सोबतच्या माणसाला विचारा.