घरी रहस्याचं जेवण: तयार संच आणायचा की चोरी आपणच रचायची?

दिवाळीच्या सुट्टीत घरी दहा-बारा माणसं जमणार आणि प्रत्येकाने एकेक पात्र होऊन जेवता जेवता रहस्य उलगडायचा खेळ ठरला, की पहिला प्रश्न हाच. मी दोन्ही करून पाहिलंय.

तयार संचात पात्रांच्या पुस्तिका, पुरावे, बंद पाकिटात उत्तर असं सगळं असतं. पाकीट शेवटपर्यंत उघडायचं नसलं तर यजमानालाही खेळता येतं, हा मोठा फायदा. अडचण माणसांच्या आकड्याची. आठ पात्रांची गोष्ट असली आणि ऐनवेळी मामांचं येणं रद्द झालं, तर त्यांच्याकडचा धागा तुटतो. आम्ही आणलेला संच इंग्रजी, त्यात खून. आजीने दोन पानं चाळली आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला ते फार लागलं.

म्हणून पुढच्या वेळी खून नको, चोरी. वाड्यातून नथ गेली, आजी फिर्यादी. डबीत कापूस कसा होता, कडी कुणी लावली, हे तिने असं रंगवून सांगितलं की पोरं जेवायची थांबली. बाकीची पात्रं राजा-राणी-चोर-शिपाईसारखी चिठ्ठ्या उचलून वाटली. प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी: एक विचारलं की सांगायची, दुसरी जमेल तितकी लपवायची. खोटं फक्त चोराने बोलायचं. हा नियम सोडू नका, नाहीतर कुणाचंच काही जुळत नाही.

सगळ्यात रंगला तो हळदीचा पुरावा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून काडीने कोऱ्या कागदावर अक्षरं लिहिली आणि वाळवली. हळदीच्या पाण्यात भिजवलेला कापूस फिरवताच पिवळ्यावर लालसर अक्षरं उठली. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, तोच गुण.

ही चोरी रचायला माझा अख्खा रविवार गेला, आणि उत्तर ठाऊक असल्याने मला शोधायला काही उरलं नाही. महत्त्वाचा धागा दोन ठिकाणी ठेवा. एक हमखास कुणीतरी ताटाबरोबर उचलून नेतं.

सगळी मोठी माणसं, आकडा पक्का आणि तुम्हालाही खेळायचं असेल, तर संच घ्या. घरात आजी-आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलं असतील, तर मी घरचीच चोरी निवडेन. बेत मात्र दोन्हीकडे मसालेभात, मठ्ठा, जिलबीचा. पुऱ्या तळायला घेतल्या, तर एक संशयित शेवटपर्यंत कढईपाशीच अडकतो.