कार्बन टॅक्स की कॅप? ठरवायचं असेल तर हे बघा

कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर, म्हणजे हवेत सोडल्या जाणाऱ्या या वायूवर, मर्यादा हवी हे पटलं की पुढचा प्रश्न येतो की ती घालायची कशी, आणि इथेच बरेच जण अडकतात कारण टॅक्स आणि कॅप दोन्ही ऐकायला सारखेच वाटतात. टॅक्समध्ये सरकार एक टन वायू सोडण्याचा भाव ठरवतं, मग धूर किती कमी होईल ते लोक आणि कंपन्या कसं वागतात त्यावर अवलंबून. कॅपमध्ये एकूण किती टन सोडायचे ते आधी ठरतं, तेवढीच परमिटं (सोडायचे परवाने) निघतात, ज्याला कमी लागतात तो उरलेली विकतो, आणि भाव बाजारात ठरतो.

टॅक्सचा मोठा फायदा म्हणजे साधेपणा. कोळसा, पेट्रोल, गॅस जिथून बाजारात येतो तिथेच वसूल करायचा, वेगळा बाजार उभा करायची गरजच नाही. स्वीडनने 1991 मध्ये सुरू केला, हळूहळू वाढवत नेला, आज तो टनाला 100 युरोच्या वर आहे आणि तिथली शहरं गरम ठेवणारी यंत्रणा तेल-कोळसा सोडून बरीचशी लाकूडफाटा आणि कचऱ्यावर गेली. पण टॅक्स बिलावर सरळ दिसतो, त्यामुळे राजकारणात तो टिकवणं फार अवघड. फ्रान्समध्ये 2018 ला इंधनावरच्या करवाढीवरून पिवळ्या जॅकेटवाले आंदोलक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाने तर 2008 मध्ये टॅक्स लावताना जमा झालेला पैसा दुसरे कर कमी करून लोकांना परत दिला होता, तरी 2025 मध्ये सामान्य ग्राहकांवरचा टॅक्स रद्द केलाच.

आता कॅप. युरोपियन युनियनची योजना 2005 ला सुरू झाली आणि सुरुवात खरंच वाईट झाली, परमिटं जवळजवळ सगळी फुकट वाटली, तीही गरजेपेक्षा जास्त, मग 2007 पर्यंत भाव शून्याला टेकला आणि कंपन्यांना काही बदलायचं कारणच राहिलं नाही. नंतर वीज कंपन्यांना लिलावात परमिट घ्यायला लावलं, 2019 पासून जादा परमिटं बाजूला काढून ठेवायची सोय केली, आणि 2023 मध्ये भाव 100 युरोच्या वर जाऊन आला. योजनेत असलेल्या वीजकेंद्रं आणि कारखान्यांचं उत्सर्जन 2005 च्या तुलनेत निम्म्याच्या जवळ आलंय. अमेरिकेने त्याआधीच, 1995 पासून, आम्ल पावसाला कारण असलेल्या सल्फर डायऑक्साइडवर हाच प्रयोग केला होता आणि तो यशस्वी झाला.

मला स्वतःला कॅप पटते, कारण तापमान ठरतं ते हवेत एकूण किती कार्बन साचला त्यावर, त्याला काय भाव लावला होता त्यावर नाही. औद्योगिकीकरणाआधी हवेत दहा लाख भागांत साधारण 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता 420 च्या वर गेलाय, आणि सोडलेल्याचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं तिथेच राहतो. पण नावाला कॅप आणि आत ढिलाई असेल तर त्यापेक्षा टॅक्स कधीही बरा. चीनने 2021 मध्ये देशभर परमिटांचा बाजार सुरू केला, पण त्यात एकूण टनांवर मर्यादा न घालता प्रत्येक युनिट विजेमागे किती धूर यावर हिशोब ठेवला, म्हणजे वीज वाढली की धूरही वाढू शकतो.

आणि सगळ्या जगाला एकच कॅप लावणारं कोणी नाही हेही धरून चाला. 1997 च्या क्योटो या हवामान करारात श्रीमंत देशांना बंधनकारक आकडे दिले होते, अमेरिकेने मंजुरीच दिली नाही आणि कॅनडा 2011 मध्ये बाहेर पडायचं जाहीर करून मोकळा झाला. 2015 च्या पॅरिस करारात मग आपापला आकडा ज्याने त्याने ठरवायचा असं झालं, म्हणून कायदा शेवटी देशातच करावा लागतो.

त्यामुळे समोर प्रस्ताव आला तर टॅक्स की कॅप या नावाआधी आतलं वाचा. कॅप असेल तर परमिटं फुकट आहेत की लिलावात, आणि आकडा दरवर्षी किती खाली येतो (युरोपात आता 4.3 टक्के). टॅक्स असेल तर तो दरवर्षी वाढणार असं कायद्यात लिहिलंय का, आणि गोळा झालेला पैसा कमी कमाईच्या घरांपर्यंत पोचतो का.