शेपटीचा कोळी की लांब मानेचा?

आमच्या खानापूरकडे पडवीत फणस फोडला की चिकाला मुंग्या चिकटून बसतात. तृणमणीतल्या (म्हणजे अंबरमधल्या) कोळ्यांचं तसंच झालं, फक्त तिथं चिकाऐवजी झाडाची राळ, जी पुढं दगडासारखी घट्ट झाली. मग असे कोळी बघायला तृणमणी कुठला बरा, उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठचा की म्यानमारचा?

बाल्टिकचा तृणमणी साधारण 4.4 कोटी वर्षांचा. त्यातला एक लांब मानेचा कोळी 1854 मध्ये नोंदला गेला आणि त्याचे जिवंत भाऊबंद 1881 मध्ये मादागास्करात सापडले! म्यानमारचा जवळपास 9.9 कोटींचा. त्यातला 2018 मध्ये जाहीर झालेला किमेराराक्ने नावाचा कोळी जेमतेम अडीच मिलिमीटरचा, पण शेपूट अंगापेक्षा लांब. शेपटीचा कोळी, बघा की!

माझं मत म्यानमारला. बाल्टिकच्या किड्यांभोवती पुष्कळदा पांढुरका थर असतो, बुरशी आलेल्या लोणच्यासारखा. विकत घ्यायचा तर मात्र बाल्टिकच. म्यानमारच्या खाणी लढाईच्या मुलखात आहेत.