प्लॅनिंग सेंटर सर्व्हिसेस: छोट्या मंडळीला कितपत उपयोगी?

साठ माणसांची मंडळी, म्हणजे चर्च, धरा. एका रविवारच्या उपासनेसाठी स्वागताला 2, गायन-वादनाला 3, साउंडला 1, स्क्रीनला 1, वचनवाचनाला 1, संडेस्कूलला 2 आणि प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) तयारीला 2, असे 12 जण लागतात. कुणालाही महिन्यात दोनपेक्षा जास्त रविवार द्यायचे नाहीत असं ठरवलं, तर सेवेला किमान 24 माणसं हवीत. पाच रविवारांच्या महिन्यात 30. प्रत्यक्षात तीच आठ-दहा माणसं सगळीकडे राबताना दिसतात आणि शनिवारी रात्री पाळक (चर्चचे धर्मगुरू) माणसं जमवायला फोनवर. प्लॅनिंग सेंटर सर्व्हिसेस हे उपासनेचा क्रम आणि सेवकांच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आहे. हे चित्र बदलतं का, एवढ्याच कसोटीवर ते पारखायला हवं.

मांडणी सोपी आहे. आधी टीम, टीममध्ये जबाबदाऱ्या, आणि प्रत्येक रविवारचा एक प्लॅन. नेहमीच्या उपासनेचा क्रम एकदा टेम्प्लेट म्हणून ठेवला की पुढचे दोन महिने दहा मिनिटांत उभे राहतात. त्यातच किती माणसं लागणार ते भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागा लगेच डोळ्यांत भरतात. सगळ्यात कामाचं म्हणजे मॅट्रिक्स: अनेक रविवार शेजारी शेजारी दिसतात, आणि एकच नाव सलग चार रकान्यांत आलेलं लपत नाही. थकलेला सेवक बहुधा तक्रार करत नाही, एक दिवस यायचाच थांबतो. तो थांबण्याआधी पाळकांना कळण्याची सोय इथे आहे.

सेवकाने गावाला जाण्याच्या, परीक्षेच्या तारखा स्वतः ब्लॉक करायच्या, म्हणजे त्या दिवशी येणार नाही असं सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचं. हे होत नसेल तर अर्धा फायदा गेला. म्हणून पहिल्या महिन्यात टीमपुढाऱ्याने प्रत्येकाच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवर हे करून घ्यावं.

नव्याने वापरणाऱ्यांची हमखास चूक इथे होते: नाव प्लॅनमध्ये टाकलं म्हणजे निरोप गेला असं वाटतं. तसं नसतं. निरोप वेगळा पाठवावा लागतो. तोवर नावापुढे न पाठवलेल्या निरोपाची खूण राहते. रविवारी सकाळी माईकपाशी कुणीच नाही आणि यादीत मात्र नाव आहे, याचं कारण बहुतेक वेळा हेच. यादी लावली की त्याच बैठकीत निरोप पाठवून टाकावेत, आणि बुधवारी ‘होकार’ न आलेली नावं बघावीत. ज्यांच्याकडे ईमेल नाही अशा वयस्क सेवकांचा होकार पुढाऱ्याने विचारून स्वतः नोंदवता येतो.

जागा आपोआप भरण्याचीही सोय आहे. छोट्या मंडळीने तिच्यावर विसंबू नये. संडेस्कूलच्या खोलीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी, एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन प्रौढ हवेत. नवरा-बायको असतील तर ते एकच धरायचे. शिवाय घरात नुकतंच दुःख झालेल्या बहिणीला या महिन्यात स्वागताला उभं करू नये. हे माणसानेच बघायचं असतं.

नकाराचंही तसंच. कुणी तिसऱ्यांदा ‘नाही’ दाबलं, तर दुसरं नाव टाकून पुढे जाऊ नये. त्याला भेटावं. ‘नाही’मागे आजारपण असेल, वाद असेल, किंवा ती सेवा त्याची नसेलच.

पैसे टीममधल्या माणसांच्या संख्येनुसार मोजावे लागतात, त्यामुळे सोडून गेलेल्यांची नावं वेळोवेळी काढावीत. सेवक पंधराच्या आत असतील तर भिंतीवरचा तक्ता आणि एक ग्रुप पुरतो. तिथे हे सॉफ्टवेअर घेऊ नये. त्यापुढे मात्र नक्की घ्यावं, एका अटीवर: यादी लावायचा अधिकार प्रत्येक टीमपुढाऱ्याला द्यावा. बायबलमध्ये निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रो मोशेला हेच सांगतो, की काम वाटून दे, आणि प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये पंक्तिसेवेसाठी (अन्नवाटपासाठी) सात जण निवडले गेले तेही याचसाठी. पाळकांनीच सगळी बटणं आपल्या हातात ठेवली, तर शनिवार रात्रीचे फोन तेवढेच राहतात, फक्त स्क्रीन बदलते.

सुरुवात स्वागताच्या टीमने करावी. तिथे तालीम नसते, चूक झाली तरी उपासना अडत नाही. गायनाची टीम तिसऱ्या महिन्यात घ्यावी, कारण तिथे तालमीची वेळ, गाण्यांची पट्टी आणि कॉर्ड यांचे कागद हे सगळं एकदम येतं.