साडेसातची मराठी मिस्सा: प्रवचन चोख, आवाज बेताचा

पश्चिम उपनगरातल्या या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारी मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, एकच, सकाळी साडेसातची. तिथलं प्रवचन मुद्दाम जाऊन ऐकावं असं आहे, कारण फादर एकच धागा धरतात. सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या रविवारी, बायबलमधलं पहिलं वाचन शुभवर्तमानाशी (येशूच्या जीवनाच्या वाचनाशी) जुळवून निवडलेलं असतं. दुसरं मात्र प्रेषितांच्या पत्रांमधून क्रमाने, आपल्याच वाटेनं चालतं. हे विसरून तिन्हींची मोट बांधायला गेलं की प्रवचन भरकटलंच. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात २०२६ हे अ वर्ष, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचं. सामान्य काळातल्या पंधराव्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला आणि सोबत यशया संदेष्ट्याचा, जमीन भिजवल्याशिवाय परत न जाणारा पाऊस. ऐन जुलैत, मुंबईत! एवढ्यावर प्रवचन उभं राहतं. त्यात दुसरं वाचन, रोमकरांस पत्र, ओढून आणायची गरज नसते. इथं ती ओढाताण होत नाही.

वेळ आठ-नऊ मिनिटं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांचीच मर्यादा सांगितली होती, पुढे लोक झोपतात म्हणून.

आता तक्रार. हे सगळं मागच्या बाकांवर पोचतच नाही. वेदीजवळच्या स्पीकरचा आवाज तीस मीटर मागे यायला साधारण ०.०९ सेकंद लागतो, खांबावरचा स्पीकर मात्र लगेच बोलतो. त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा. मागच्या स्पीकरना तेवढा डिले (आवाजाला उशीर) लावला की काम होतं. नवे स्पीकर घ्यायची गरज नाही. शिवाय उंच वाचकानंतर शाळकरी मुलगी येते आणि माईक तिच्या कपाळासमोर तसाच. तो तोंडापासून वीतभर अंतरावर हवा, आणि ‘करिंथकरांस’वर अडखळायचं नसेल तर वाचन आदल्या दिवशी मोठ्यानं वाचायला हवं.

कॉयर (गायकवृंद) सुरात आहे, पण पट्टी काळी चार, म्हणजे उंच. पुरुष दुसऱ्या ओळीलाच गप्प होतात. काळी दोनवर उतरवली तर बाकंही गातील.

कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) सव्वाआठच्या सुमारास होतं आणि त्याआधी तासभर उपास, म्हणजे शेवटचा चहा सातला. पाणी आणि औषध चालतं. गव्हाचा त्रास असेल तर कमी ग्लुटेनच्या ऑस्तीबद्दल (कम्युनियनच्या भाकरीबद्दल) मिस्सेआधीच सॅक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, विचारावं, रांगेत नव्हे. बसायला डावीकडची चौथी-पाचवी रांग घ्यावी: स्पीकर एकच ऐकू येतो आणि पंखाही डोक्यावर आहे.