पळायचं की पायऱ्या चढायच्या?

उंचावरच्या ट्रेकला नाव नोंदवून झालं की पहिला प्रश्न हाच: रोज पळायला जाऊ, की पाठीवर सॅक टाकून जिने चढू? दोन्हींना वेळ असेल तर दोन्ही करा, प्रश्न मिटला. पण घर, नोकरी सांभाळून आठवड्याला जेमतेम चार-पाच तास निघत असतील तर माझं मत पायऱ्यांना.

पळण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दम वाढतो, बूट चढवले की काम सुरू, जिन्याइतका कंटाळाही येत नाही. दोन मजल्यांत धाप लागत असेल तर आधी भरभर चालणं, मग हळू पळणं हाच क्रम बरा. वेग इतकाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. पण बरेच जण रोज घड्याळाशी शर्यत लावतात. ट्रेकवर पाच किलोमीटर किती मिनिटांत मारले हे कोणी विचारत नाही. तिथे सहा-सात तास सावकाश चालायचं आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेच. शिवाय पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो. वजन जास्त किंवा गुडघा आधीच कुरकुरणारा असेल, तर हा सौदा महागात पडू शकतो.

पायऱ्यांवर मांड्या, पोटऱ्या आणि दम या तिन्हींना एकदम काम लागतं. हिशोबही सोपा: एक मजला साधारण 3 मीटर धरला, तर दहा मजले वीस वेळा चढले की 600 मीटर होतात. ट्रेकवरच्या एका चांगल्या दमवणाऱ्या दिवसाची चढाई झाली ही. सुरुवातीला सॅक रिकामी ठेवा, मग दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवत 8-10 किलोपर्यंत न्या.

पायऱ्यांचा खरा फायदा मात्र उतरताना आहे, आणि नेमकं तेव्हाच लोक लिफ्टमध्ये शिरतात! उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात. याची सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय असे भरून येतात की खाली बसणंही नको वाटतं. सपाट रस्त्यावर कितीही पळा, ही सवय फारशी होत नाही. जिन्यावर मात्र थोड्याच खेपांत फरक जाणवतो. गुडघ्याची काळजी वाटत असेल तर वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या, वर पोचल्यावर ओतून टाका आणि हलक्या सॅकने उतरा.

जवळ जिना नसेल तर ट्रेडमिल चालेल. 15 टक्के चढावर ताशी 4 किलोमीटर चाललात की तासाला 600 मीटर चढाई होते. दांडी धरून लोंबकळू नका, आणि उतरण्याचा सराव इथे होत नाही हेही लक्षात ठेवा.

विरळ हवेची तयारी मात्र यातल्या कशानेच होत नाही. 5500 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तंदुरुस्त माणसालाही उंचीचा त्रास होतो, उलट पाय चालतात म्हणून तो भराभर वर जातो आणि आधी आजारी पडतो. त्यामुळे कार्यक्रम निवडताना पाहा: 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस हवा. तोंडाला लावायचे ते 'उंचीचे' मास्क घेऊ नका. ते फक्त श्वास अडवतात, हवेचा दाब कमी करत नाहीत.

तीन महिने हातात असतील तर पहिला महिना चालणं-पळणं, पुढे पायऱ्या. दीड महिनाच उरला असेल तर आठवड्यातून तीनदा पायऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी सॅकसह लांब चाल, पळणं विसरा. पंधरा दिवसांवर ट्रेक आला असेल तर नवीन काही सुरू करू नका, आणि शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं चाला, तेही ट्रेकला नेणार तेच बूट घालून.